ब्रेकच्या रबराला तेल

आमच्या घरात चहाची दोन पातेली होती, आणि त्यातल्या एकात चहा कधीच होत नसे. त्यात दादा रबर उकळत. दादा म्हणजे माझे वडील. राहू गावच्या बागायतदार आप्पांकडे ते ड्रायव्हर होते. आप्पांची गाडी विलायती, काळी, लांब नाकाची, दोन्ही बाजूंना पायदानं असलेली. आप्पांच्या वडिलांनी ती कुणाकडून तरी जुनीच घेतली होती. गावात तिला सगळे मोठी गाडी म्हणत. लहान गाडी गावात कुणाकडेच नव्हती, पण आप्पांचं जे काही असेल त्याला मोठं म्हणायची आमच्याकडे रीत होती. त्या गाडीचं काहीही बाजारात मिळत नसे. काच फुटली तर दुसऱ्या काचेतून कापून आणायची, पत्रा पिचला तर ठोकून घ्यायचा, आणि क्लच-ब्रेकच्या पेडलांवरची रबरं सैल झाली की ती आमच्या चुलीवर यायची.

ही रबरं म्हणजे तळहाताएवढे जाड तुकडे. वरून आडव्या रेघा, पाय घसरू नये म्हणून. मागच्या बाजूला चारी कडा आत वळलेल्या. त्या कडा पेडलच्या लोखंडी पट्टीवर उशीच्या अभ्र्यासारख्या चढवायच्या. वापरून वापरून कड पसरते, रबर कडक होतं आणि पाय ठेवला की जागच्या जागी हलायला लागतं. दादांना ते हलणं अजिबात सहन होत नसे. गाडी नदीवर धुऊन झाली की ते ती आमच्या दारात आणून उभी करत आणि रबरं काढून मऊ व्हायला पातेल्यात टाकत. तोवर पेडलची पट्टी काचपेपरनं घासायची, पेट्रोलच्या बोळ्यानं पुसायची आणि फुंकर घालून वाळवायची. मग सायकलच्या पंक्चरला लावतात ते सोल्युशन दोन्हीकडे लावायचं. लावलं की लगेच चिकटवायचं नाही. बोट टेकवून बघायचं. बोटाला ओढ लागली पण बोट भरलं नाही, की वेळ झाली. एक कड अडकवायची, दुसरी बोथट स्क्रू-ड्रायव्हरनं ओढून चढवायची आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी त्यावर करकचून बांधून दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवायची. पट्टी सोडल्यावर दादा ते रबर दोन्ही हातांनी उपटायचा प्रयत्न करत. हललं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आईला त्या वासाची चीड होती. "ह्यो मानूस येक दिवस आपल्याला रबराचा रस्सा खाऊ घालनार," असं ती चुलीपाशी बसून भिंतीला सांगायची. दादा हसत आणि उगीच पातेल्यात डाव फिरवत. ते हे सगळं करताना एकीकडे मला समजावून सांगायचे. मला भाऊ नव्हता, आणि असता तरी त्यांनी मलाच सांगितलं असतं असं मला वाटायला आवडतं. त्यांचं एक सांगणं तर मला पाठच होतं. "रबराला तेल म्हंजी इख. पानी लागू दे, चिखल लागू दे, पर तेल न्हाई. तेल लागलं की रबर फुगतंय, सोल्युशन सुटतंय, आन् वरनं पाय निसटतो त्यो निराळाच." हे वाक्य मी इथं मुद्दाम लिहून ठेवते आहे. मला माहीत नव्हतं, असं पुढं म्हणायची सोय मला राहू नये.

दादा अनवाणी गाडी चालवत. गाडीत चपला घालून चढायचं नाही हा आक्कांचा, म्हणजे आप्पांच्या बायकोचा, नियम. गाडी मळते म्हणून. पण दादांनी तो नियम आपलासा करून टाकला होता. तळव्याला सगळं समजतं, असं ते म्हणत. रबराच्या रेघा किती झिजल्या, ब्रेक किती खाली गेला, हे त्यांना पायानंच कळत असे. आज माझा मुलगा गाडी घेऊन आला की आत बसण्याआधी मी वाकून त्याच्या पेडलांकडे बघते. त्याला वाटतं आईचं काहीतरी खाली पडलं. तो मोबाइलची बॅटरी लावून शोधायला लागतो, आणि मी म्हणते, सापडलं, चल.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडं. दिवसभर मोटारपंपांची घरघर, आणि थंडी सुरू झाली की गुऱ्हाळांचा वास. तो वास इतका गोड की नुसत्या वासानं भूक लागायची, आणि घरात मात्र बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं. मला माडगं आवडायचं, म्हणून त्याबद्दल रडगाणं गाणार नाही. आई आक्कांच्या झेंडूच्या रानात तोडणीला जायची. तिच्या बोटांना बारा महिने झेंडूचा उग्र वास असायचा, आणि तिनं कालवलेल्या भातालाही तो यायचा. दादांना दर दिवाळीला आप्पांकडून कपडे, आईला लुगडं, मला आक्कांच्या मुलीची जुनी पुस्तकं. आक्का वाईट नव्हत्या. हे लिहायला मला जड जातं, पण नव्हत्या. मी पुस्तक वाचत बसलेली दिसले की त्या थांबायच्या, दोन प्रश्न विचारायच्या आणि म्हणायच्या, "पोरगी हुशार हाय. हिला मास्तरीन करू." शिरूरला मास्तर तयार करणारं एक विद्यालय होतं आणि त्याच्या कमिटीवर आप्पा होते. तिथं जागा थोड्या आणि अर्ज पोतंभर. आप्पांनी शब्द टाकला तर काम होणार, नाही टाकला तर आईबरोबर झेंडू तोडायचा, हे आमच्या घरात कुणी कुणाला सांगावं लागत नव्हतं. मी मॅट्रिकच्या वर्षाला होते. मला शिरूर हवं होतं. इतकं हवं होतं की झोपेत मी तिथल्या वसतिगृहाच्या नळाला पाणी भरायची, जे मी कधी पाहिलेलंही नव्हतं.

दसरा हा आमच्याकडे धम्मदीक्षेचा दिवस. पांढरे कपडे घालून आम्ही दौंडला जायचो. तिथं मामा रेल्वेत होता. त्याच्या क्वार्टरमध्ये उतरायचं, विहारात वंदनेला बसायचं, गव्हाची खीर आणि पुऱ्या खायच्या, इंजिनांच्या शिट्ट्या ऐकत गप्पा मारायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परत यायचं. वर्षातला तो एकच दिवस दादा कुणाचे ड्रायव्हर नसायचे. आणि नेमकी त्याच दिवशी आप्पांच्या बंगल्यावर गाडीची पूजा असायची. दादांच्या गैरहजेरीत. गाडीवरून बोट फिरवलं तरी धूळ लागणार नाही अशी लख्ख करून ते आदल्या दिवशी ती पोर्चमध्ये लावून जायचे, आणि बाकी झेंडू, हळदकुंकू, नारळ हे आक्का बघायच्या.

त्या वर्षी आक्कांनी आईला सांगितलं की तोरणं फार करायची आहेत, पोरीला ठेवून जा. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी आप्पांच्या मुलीच्या सोयरिकीसाठी शिरूरला जायचं होतं, घरात माणसांची ये-जा होती. आईनं माझ्याकडे पाहिलं. माझं पांढरं पातळ घडी करून उशाशी ठेवलेलं होतं. मी म्हटलं, राहते. शिरूरला जायचं तर एक दौंड बुडालं म्हणून काय झालं, असा हिशेब मी मनात केला होता. आईदादा गेले. चुलतीकडं भाकरी खाऊन मी बंगल्यावर गेले आणि पोर्चच्या पायरीवर सुईदोरा घेऊन बसले.

दुपारच्या आधी आक्का बादली घेऊन बाहेर आल्या. गाडीचं दार उघडून त्या आत वाकल्या. पहिल्यांदा मला वाटलं, स्टिअरिंगला हार घालताहेत. मग पाहिलं तर त्या उलथन्यानं ब्रेकचं रबर उचकटत होत्या. दादांनी पंधरवड्यापूर्वीच बसवलेलं, सहजी निघत नव्हतं. त्यांनी जोर लावून काढलं, मग क्लचचं काढलं. दोन्ही बादलीत टाकून शिकेकाईच्या पाण्यानं घासली. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "पूजा सगळ्या गाडीची व्हतीया. ह्याच्यावर रोज कुनाचे पाय लागत्यात, तसंच कुंकू लावायचं व्हय?"

मी हातातला झेंडू ओवत राहिले. कुनाचे, हा शब्द मला बरोबर समजला होता. आक्कांनाही समजला असावा, कारण त्या पुढं जरा गोड बोलल्या. शिरूरला गेलीस की आठवड्याला कागद लिही म्हणाल्या. मग त्यांनी आतून खोबरेलाची वाटी आणली. रबर धुऊन पांढुरकं दिसत होतं, तेल लावलं की काळंभोर होणार होतं. त्यांचा एक हात रबरात अडकलेला, म्हणून त्यांनी मला हाक मारली. "वाटी धर गं." मी उठले आणि वाटी धरली. त्यांनी दोन बोटं बुडवून रबर वरून, मागून, कडांच्या आत नीट माखलं आणि पेडलवर परत चढवलं. तेलामुळं ते सटकन बसलं. मग त्याला हळदकुंकू लावलं, एक फूल ठेवलं. खरंच सुंदर दिसत होतं.

माझ्या ओठावर आलं होतं. आक्का, रबराला तेल लावत नाहीत. पाच शब्द. मी ते बोलले असते तर त्या रागावल्या असत्या, किंवा नसत्याही, काय सांगावं. पण 'कुनाचे पाय' ऐकल्यावर लगेच त्यांना शहाणपण शिकवायचं, आणि तेही शिरूरची गोष्ट निघालेली असताना, हे मला जमलं नाही. मी मनाला समजावलं की दादा उद्या सकाळी गाडी काढण्याआधी हात लावून बघतीलच. ते रोज बघत. तळव्याला तर लगेच कळेल.

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी उशिरा आली. दादा थेट बंगल्यावर गेले, तर आप्पा पायरीवर घड्याळ बघत उभे. मुलाकडची मंडळी शहरात वावरलेली, म्हणून आप्पांनी दादांसाठी पांढरी टोपी आणि चामड्याचे नवे बूट आणून ठेवले होते. ड्रायव्हर अनवाणी दिसायला नको. दादांनी उभ्या उभ्या बूट चढवले आणि गाडी काढली. आमच्या वस्तीवरून जाताना त्यांनी मला पाहून हात वर केला. त्यांना बुटांची मजा वाटत होती, ते दाखवायला त्यांनी दार किलकिलं करून पाय थोडा बाहेरही काढला होता म्हणे, असं चुलती सांगते. मला बूट दिसले. आज तळव्याला काही कळणार नाही, हे बूट दिसताच माझ्या लक्षात आलं, हेही खरं. मी रस्त्यावर धावत गेले असते तर गाडी थांबली असती, कारण वस्तीच्या वळणावर ती चालीनंच जायची. मी हात हलवला.

पारगावचा पूल ओलांडून न्हावऱ्याकडं जाताना एक उतार आहे. तिथं दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला आडव्या वाटेनं रस्त्यावर आला. दादांनी ब्रेकवर पाय मारला. रबर पट्टीवरून निघून बाजूला गेलं, त्याबरोबर बूटही घसरला, आणि दुसऱ्यांदा पाय बसेपर्यंत गाडी सायकलला लागून बाभळीवर गेली होती. दूधवाल्याच्या मांडीचं हाड मोडलं. पुढं तो जन्मभर एका पायानं लंगडत चालला. त्याचा दोष एवढाच की तो दूध घालायला निघाला होता, आणि या सगळ्यात त्याची आठवण आम्हा सगळ्यांनाच फार कमी आली. मागच्या सीटवरच्या आक्कांचं मनगट मोडलं. आप्पांना खरचटलं. दादांना काही झालं नाही. काही झालं असतं तर बरं झालं असतं, असं ते पुढं एकदा म्हणाले.

दादा दोन दिवस शिरूरला पोलिसांकडं होते. संध्याकाळी घरी आले, बूट हातात घेऊन. पाय धुतले, गुळाचा चहा प्याले आणि आई पाणी आणायला गेल्यावर मला म्हणाले, "दसऱ्याला गाडीपाशी कोन व्हतं?"

मी म्हटलं, आक्का.

"खोबरेलाचा वास आला रबराला. त्यांनीच लावलं?"

मी मान हलवली.

"तू बघितलंस?"

"व्हय."

बघितलंस तर बोलली का नाहीस, हे ते विचारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं नाही. आणि वाटी मी धरली होती, हे मी सांगितलं नाही. ते त्यांना मरेपर्यंत माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी आप्पा आणि आक्का आमच्या घरी आले. दादा त्यांच्याकडे नोकरीला लागल्यापासून दोघंही कधी आमचा उंबरा ओलांडून आत आले नव्हते. आप्पा कॉटवर बसले, आक्का हात गळ्यात बांधून त्यांच्या शेजारी. आईनं काही न विचारता चहा टाकला. आप्पांनी आमच्याकडं कधी पाणीही घेतलं नव्हतं, पण त्या दिवशी ते नाही म्हणाले नाहीत. मी पाहिलं, आईनं चुलीवर रबराचं पातेलं ठेवलं होतं. चहाचं चांगलं पातेलं घासून पालथं घातलेलं तिच्या हाताशीच होतं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी तोंड मिटून घेतलं. दोघंही तो चहा सगळा प्याले. माझ्या आईनं आयुष्यात कुणाचं काही वाकडं केलं असेल तर ते एवढंच.

आप्पांनी सांगायला सुरुवात केली. रबर पोलिसांच्या हाती लागलं होतं. पेडलला तेल कुणी लावलं, असं ते विचारत होते. घरातल्या बाईचं नाव पंचनाम्यात आलं तर सोयरीक मोडेल, आणि त्यांच्या पोरीची बदनामी होईल ते वेगळंच. शिवाय रबर बघणं हे ड्रायव्हरचं काम, तेव्हा जबाबदारी तशीही दादांवरच येत होती. हे सगळं त्यांनी अगदी समजुतीनं, खालच्या आवाजात सांगितलं. वकील ते देणार होते. घरात काही कमी पडू देणार नव्हते. मग कप खाली ठेवून ते म्हणाले, "पोरीचं शिरूरचं माझ्याकडं लागलं. जूनला तिची जागा धरून चाल."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. आक्का माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत धाक नव्हता, विनवणी होती, आणि तीच मला जास्त घाबरवत होती. त्या दादांना म्हणाल्या, "पोरगी शानी हाय. तिला समजतंय समदं."

मी म्हटलं, "पर दादा..."

दादांनी मान वळवली नाही. "सुजाता, तू आत हो."

मी आत झाले. आत म्हणजे कुठं, कुडाच्या पलीकडं दोन हातांवर. तिथून मला दादांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "रबराला तेल मीच लावलं म्हनून सांगतो," ते म्हणाले. कॉट करकरली, आप्पा उठले. त्यांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला असावा.

मी आयुष्यभर लोकांना, म्हणजे ज्या दोन-तीन जणांना हे सांगितलं त्यांना, असं सांगत आले की वडिलांनी मला गप्प बसवलं. माझा स्वाभिमान जागा होता, मी बोलणार होते, पण त्यांनी मला आत पाठवलं. आज खरं ते लिहिते. 'आत हो' हे शब्द कानावर पडले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. कुणीतरी मला गप्प करावं याची मी त्या चौकटीत उभी राहून वाट बघत होते. 'पर दादा' एवढं म्हटलं तेही अशासाठी, की पुढं कुणी मला थांबवेल.

केस झाली. दंड आप्पांनी भरला, दादांचं लायसन काही काळ अडकून परत मिळालं. पण ते घेऊन जायचं कुठं? आप्पांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला, अपघात केलेला माणूस परत गाडीवर घेणं बरं दिसत नाही म्हणून. बाकीच्यांनी विचारलंच नाही. दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्याला लोक काम देतात, म्हणतात आता सुधारला असेल. पण ब्रेकच्या रबराला खोबरेल चोपडणारा ड्रायव्हर म्हणजे येडाच की. चौफुल्यावर ट्रकवाले, जीपवाले दादांना बघून विचारत, "काय वो, आज कंचं तेल?" ज्या माणसानं मला तेल म्हणजे इख असं शिकवलं, त्याला हे ऐकून घ्यावं लागायचं. उत्तर द्यायची सोयच नव्हती, त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. पुढं ते चौफुल्याला जाईनासे झाले. गुऱ्हाळावर चुलवणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, उसाची चिपाडं सारायच्या कामाला लागले. आई आक्कांच्या रानात परत गेली नाही. आक्कांनी दिवाळीला फराळाचं ताट पाठवलं, ते तिनं झाकणही न उघडता परत केलं आणि दादांनी त्यावरून तिच्याशी भांडण केलं. पोरीचं शिरूरचं अजून व्हायचंय, म्हणाले.

जूनला मला जागा मिळाली. आक्कांनी पत्र्याची नवी ट्रंक दिली, ती मी घेतली. आईनं झाकण न उघडता ताट परत केलं होतं आणि मी ट्रंक कुलपासकट घेतली. वसतिगृहाला नळ होता, त्याला एक दिवसाआड पाणी यायचं. मी मास्तरीण झाले. पाबळला, शिक्रापूरला, कुठं कुठं शिकवलं, मुख्याध्यापिका होऊन रिटायर झाले. चांगली शिकवायचे, असं लोक म्हणतात. नोकरी लागल्यावर एका सुट्टीत मी दादांना धीर करून विचारलं की तुम्हाला वाईट वाटतं का. मला त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. बहुतेक वडील तसंच म्हणाले असते. ते हातावरचे भाजलेले डाग चोळत म्हणाले, "तुझं झालं, त्ये चांगलंच झालं. पर लोकांनी माझं ड्रायव्हरपन काढलं, सुजाता. त्ये मला सोसत न्हाई." मग उठून कामावर गेले. त्यानंतर सहा-सात वर्षांनी ते वारले. माझा मुलगा तेव्हा रांगत होता. आजोबा गुऱ्हाळावर कामाला होते, एवढंच मी त्याला सांगितलं. मोठ्या गाडीचं सांगायला गेलं की सगळंच सांगावं लागलं असतं.

गेल्या वर्षी शिक्रापूरला हायवेच्या कडेच्या एका लॉन्सवर माझ्या जुन्या सहकारी बाईंच्या नातीचं लग्न होतं. मुलगा मला घेऊन गेला. नवरदेवाची वरात ज्या गाडीतून आली ती आप्पांची मोठी गाडी होती. रंग काळाच, पण आरशासारखा, फुलांनी मढवलेली. हल्ली ती लग्नासाठी भाड्यानं देतात. आप्पांचा नातू स्वतः चालवत होता, देखणा, बोलका मुलगा. तरुण पोरं फोटोसाठी तिच्याभोवती जमली आणि तो त्यांना दार उघडून आतलं सगळं दाखवत होता. माझा मुलगाही गेला, त्याला गाड्यांचं वेड. त्याच्यामागून मीही गेले. नातू सांगत होता की ही पेडलची रबरं त्यानं खास बनवून घेतली आहेत, कारण या रबरांचा एक किस्सा आहे. त्याच्या आजोबांकडं एक ड्रायव्हर होता. त्यानं दसऱ्याला गाडी चकचकीत दिसावी म्हणून ब्रेकच्या रबराला खोबरेल तेल लावलं, आणि दुसऱ्याच दिवशी गाडी झाडावर घातली. "केसांना लावतात तेच खोबरेल," तो म्हणाला. त्याचा काही दोष नाही, त्याला घरात असंच सांगितलेलं असणार. पोरं हसली. माझा मुलगा सगळ्यांत मोठ्यानं हसला. मग मागं वळून मला म्हणाला, "आई, कसले एकेक नमुने असायचे ना तेव्हा?"

दादांना जाऊन किती काळ लोटला. आप्पा नाहीत, आक्का नाहीत. माझी पेन्शन दर महिन्याला बँकेत येते, ती आता कुणीही अडवू शकत नाही. आणि आत हो म्हणणारंही तिथं कुणी नव्हतं. मुलगा हसऱ्या तोंडानं माझ्या उत्तराची वाट बघत होता. मी म्हटलं, हो रे, असायचे. मग आम्ही जेवायच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.